उंचसखल हिरवळीवर रूळ हा उपाय नव्हे

घराच्या परसातील, शाळेच्या आवारातील अथवा रुग्णालयासमोरील हिरवळ उंचसखल झाली, की बहुधा एकच सल्ला ऐकावयास मिळतो. पाऊस पडून जमीन मऊ झाली म्हणजे तिच्यावरून जड रूळ फिरवावा. उंचवटे दबतील, खळगे भरतील आणि जमीन सपाट होईल. हा सल्ला सोपा आहे व सर्वत्र रूढ आहे. परंतु मृदाविज्ञानाच्या दृष्टीने तो चुकीचा आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. उंचसखलपणाचे कारण शोधावे, खळगे मातीने भरावे, उंचवट्यांखालची माती काढावी आणि उरलेले काम थोड्या थोड्या मातीच्या थरांनी, गवताला वाढू देत, एकदोन वर्षांत पुरे करावे, हाच खरा मार्ग होय. या मताची कारणे पुढे दिली आहेत. वाचकांनी ती स्वतः पडताळून पाहावी.

हा विषय क्षुल्लक आहे काय?

हिरवळ म्हणजे सुखवस्तू लोकांची हौस. तिच्यातील चढउतारांची चिंता विज्ञानाने कशाला वाहावी, असा प्रश्न कोणी विचारील. तथापि आपल्या देशात हिरवळ केवळ बंगल्यांपुरती राहिलेली नाही. सरकारी वसाहती, शाळा, महाविद्यालये, रुग्णालये आणि नगरपालिकांची उद्याने येथे ती आहे. तिच्यावर मुले खेळतात, वृद्ध माणसे सकाळी फेऱ्या मारतात. गवताखाली दडलेला चार बोटे खोल खळगा तरुणाच्या लक्षातही येत नाही. सत्तर वर्षांच्या माणसाचा पाय त्यात मुरगळला, तर मात्र त्याचे चालणेच थांबते.

दुसरी गोष्ट पाण्याची. खळग्यात पाणी साचते. उष्ण हवेत डासाच्या अंड्यापासून पूर्ण वाढलेला डास तयार होण्यास आठवडा ते दहा दिवस पुरतात. रोज पाणी घातल्यामुळे जो खळगा कधीच कोरडा पडत नाही, तो डासांचे पाळणाघर बनतो. उलटपक्षी, उंचवट्यावरचे पाणी वाहून जाते आणि तेथील गवत वाळते. ते वाळले म्हणून माळी सगळ्या हिरवळीस अधिक पाणी घालतो. अशा रीतीने एकाच जागी एक भाग तहानलेला व दुसरा भाग बुडालेला, अशी स्थिती होते आणि पाण्याचा अपव्यय वाढतो. शेतीत हेच तत्त्व आता सर्वमान्य झाले आहे. पंजाब, हरियाणा व पश्चिम उत्तर प्रदेशातील शेतकरी या शतकाच्या आरंभापासून लेसर किरणांच्या साहाय्याने शेते समतल करू लागले, ते शोभेसाठी नव्हे. पाणी वाचावे व सर्वत्र सारखे पोहोचावे म्हणून.

रूळ मातीचे काय करतो?

चांगल्या, भुसभुशीत जमिनीत घनपदार्थ सुमारे निम्माच असतो. उरलेला निम्मा भाग लहानमोठ्या पोकळ्यांचा असून त्यांत पाणी आणि हवा असते. मोठ्या पोकळ्यांतून पावसाचे पाणी खाली जाते व हवा खेळते. बारीक पोकळ्यांत पाणी धरून ठेवले जाते. मुळांना या दोहोंची गरज आहे. मुळे श्वसन करतात, त्यांना प्राणवायू लागतो, ही गोष्ट आपण पुष्कळदा विसरतो.

आता एक साधे गणित करू. एखादा उंचवटा ३ सेंटिमीटरने खाली दाबावयाचा आहे आणि दाबाचा परिणाम वरच्या १५ सेंटिमीटर मातीवर होतो, असे धरू. या थरात घनपदार्थ ७.५ सेंटिमीटर आणि पोकळी ७.५ सेंटिमीटर एवढी आहे. मातीचे कण स्वतः दबत नाहीत. दबतात त्या पोकळ्या. थर १२ सेंटिमीटरवर आला, म्हणजे घनपदार्थ ७.५ सेंटिमीटर तसाच राहिला आणि पोकळी ४.५ सेंटिमीटर उरली. पोकळीचे प्रमाण शेकडा ५० वरून शेकडा ३७.५ वर आले. एक घनसेंटिमीटर कोरड्या मातीचे वजन आधी सुमारे १.३३ ग्रॅम होते, ते आता सुमारे १.६६ ग्रॅम झाले. चिकणमातीच्या जमिनीत इतक्या घट्टपणात गवताची मुळे नीट शिरू शकत नाहीत. शिवाय ज्या पोकळ्या प्रथम नष्ट होतात त्या मोठ्या असतात, म्हणजे हवेच्या व पावसाच्या वाटाच बंद होतात. पाणी साचू नये म्हणून जो रूळ फिरविला, तोच पाणी साचविण्यास कारण होतो.

याहून महत्त्वाचा मुद्दा ओलाव्याचा. मातीची धरणे कशी दाबून पक्की करावी याचा अभ्यास करताना लॉस एंजेलिस येथील अभियंता आर. आर. प्रॉक्टर यांनी १९३३ मध्ये एक नियम प्रसिद्ध केला. तेवढ्याच दाबाने माती किती घट्ट होईल हे तिच्यातील ओलाव्यावर अवलंबून असते. कोरड्या मातीचे कण एकमेकांवर घासतात आणि दाबास विरोध करतात. थोडा ओलावा आला की ते सहज सरकून एकमेकांजवळ बसतात. विशिष्ट ओलाव्यास घट्टपणा कमाल होतो. त्याहून अधिक पाणी असेल तर पोकळ्या पाण्याने भरलेल्या असल्याने माती दबत नाही, ती बाजूस सरकते. हा नियम धरणासाठी, रस्त्यासाठी व घराच्या पायासाठी अत्यंत उपयुक्त आहे. हिरवळीस मात्र तोच नियम विरुद्ध लागू पडतो. रूळ बेताच्या ओलाव्यात फिरविला तर जमीन रस्त्यासारखी होते. चिखलात फिरविला तर येथला उंचवटा शेजारी सरकतो आणि मातीची कणीदार रचना मोडते. आणि कोरड्या, कडक जमिनीवर फिरविला तर बहुधा काहीच होत नाही. या तीनही स्थितींत गवताचे हित नाही.

येथे दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, क्रिकेटच्या मैदानावर तर रूळ नेहमीच फिरतो. तो फिरतो मुख्यतः खेळपट्टीवर. ही पट्टी २२ यार्ड, म्हणजे सुमारे २० मीटर लांब आणि १० फूट रुंद असते. तेथे चेंडू उसळावा म्हणून जमीन मुद्दाम कठीण केली जाते, आणि ती राखण्यासाठी जाणकार माणूस सतत खपत असतो. आपल्या परसात कोणास चेंडूची उसळी हवी आहे? दुसरा आक्षेप असा की, इंग्रजी व अमेरिकी उद्यानग्रंथांत वसंत ऋतूत रूळ फिरविण्यास सांगितलेले असते. त्याचे कारण त्या देशांच्या हवेत आहे. तेथे हिवाळ्यात जमिनीतील पाणी गोठते, बर्फ फुगतो आणि गवताच्या मुळांसह वरचा थर उचलला जातो. बर्फ वितळल्यावर ती सुटलेली मुळे हलक्या रुळाने पुन्हा मातीस भिडवावी लागतात. काश्मीर, हिमाचल यांसारखे उंच प्रदेश सोडले तर आपल्याकडे हे घडत नाही. जेथे रोगच नाही तेथे औषध उसने आणण्यात काय अर्थ? नवी हिरवळ लावताना दूर्वांची रोपे मातीस भिडावीत म्हणून एकदा हलका रूळ फिरविणे योग्यच आहे. आमचा विरोध आहे तो जड रुळाने जमीन सपाट करण्याच्या कल्पनेला.

प्रथम कारण शोधावे

उंचसखलपणा हा रोग नसून लक्षण आहे. नळ किंवा सांडपाण्याची नळी टाकण्यासाठी खणलेला चर नीट भरला नसेल, तर त्या रेषेत जमीन खचते. अशा खळग्याची लांब, सरळ आकृतीच त्याचे कारण सांगते. तोडलेल्या झाडाचा बुंधा जमिनीत राहिला असेल तर तो कुजत जातो आणि काही वर्षांनी तेथे बशीसारखा खोलगट भाग पडतो. इमारतीच्या बांधकामातील विटांचे तुकडे व मुरूम वरवर मातीने झाकले असतील तर माती कमीअधिक बसते. घुशीची बिळे, वाळवीची व मुंग्यांची वारुळे, जमिनीच्या पृष्ठाशी आलेली झाडांची मुळे, पावसाळ्यात ओल्या गवतावरून गेलेली सायकल किंवा गुरे, यांपैकी प्रत्येकाची खूण निराळी असते. फुटलेल्या नळाखालची माती वाहून जात असेल तर वर कितीही माती घाला, ती पुन्हा खचणारच. घूस जिवंत असेल तर भरलेला खळगा आठ दिवसांत पुन्हा दिसेल. कारण नाहीसे करण्यापूर्वी लक्षण झाकणे म्हणजे श्रम व पैसा मातीत घालणे होय.

काळ्या जमिनीचा येथे स्वतंत्र विचार करावा लागतो. दख्खनचे पठार, माळवा व गुजरातचा पुष्कळसा भाग येथील काळ्या कापसाच्या जमिनीत माँटमोरिलोनाइट जातीची चिकणमाती असते. पाणी मिळाले की ती फुगते, वाळली की आकसते व भेगाळते. इंदूर, वडोदरा किंवा नागपूर येथे अशा जमिनीवर हिरवळ असलेल्या गृहस्थाने एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी : ही जमीन कायमची समतल करता येत नाही. तिला दरवर्षी थोडी माती द्यावी लागते आणि ओलावा शक्य तितका एकसारखा राखावा लागतो. भिंतीस लागून हिरवळ करून तेथे रोज पाणी घालणे तर टाळावेच. कारण त्या फुगण्या-आकसण्याने घराच्या पायासही धोका पोहोचतो.

गांडूळ शत्रू की सहकारी?

पावसाळ्यात हिरवळीवर मातीच्या लहान लहान गुठळ्या दिसतात. ती गांडुळांची विष्ठा होय. ती पाहून पुष्कळांना गांडुळे मारण्याची इच्छा होते. पूर्वी अनेक देशांत त्यासाठी क्लोरडेनसारखी विषे हिरवळीवर घातली जात. हेच क्लोरडेन पुढे २००१ साली झालेल्या स्टॉकहोम करारातील पहिल्या बारा घातक रसायनांच्या यादीत समाविष्ट झाले, कारण ते जमिनीत दीर्घकाळ टिकते व प्राण्यांच्या शरीरात साचत जाते.

चार्ल्स डार्विन यांनी आपल्या अखेरच्या ग्रंथात, १८८१ साली, गांडुळांच्या कार्याचा हिशेब मांडला. डाउन या गावी आपल्या घराजवळील एका शेतात त्यांनी डिसेंबर १८४२ मध्ये खडूचे तुकडे पसरविले होते. १८७१ च्या नोव्हेंबरात तेथे चर खणला, तेव्हा ते तुकडे ७ इंच खोल आढळले. म्हणजे २९ वर्षांत गांडुळांनी वर्षास सरासरी सुमारे ६ मिलिमीटर बारीक माती वर आणून टाकली होती. जवळच्या दुसऱ्या शेतात १८४१ मध्ये शेवटची नांगरट झाली, तेव्हा ते दगडांनी इतके भरलेले होते की त्यांच्या मुलांनी त्यास ‘दगडी शेत’ असे नाव दिले होते. तीस वर्षांनी त्या शेतातून घोडा या टोकापासून त्या टोकापर्यंत भरधाव गेला तरी त्याची नाल एकाही दगडास लागली नसती, अशी स्थिती झाली. इंग्लंडातील हा वेग आपल्याकडील प्रत्येक जमिनीस लागू करता येणार नाही. परंतु कार्याची दिशा तीच आहे. जो प्राणी चाळलेली माती विनामूल्य वर आणून पसरवितो आणि जमिनीत हवेच्या वाटा पाडतो, त्यास विष घालणे शहाणपणाचे नव्हे. गुठळ्या कोरड्या झाल्या म्हणजे खराट्याने झाडून पसराव्या, एवढेच पुरे आहे.

खरा उपाय

आता कृतीकडे वळू. प्रथम जमिनीचे माप घ्यावे. हिरवळीस भरपूर पाणी द्यावे आणि पाणी कोठे साचते त्या जागा खुंट्या रोवून दाखवाव्या. नंतर दोन खुंट्यांमध्ये सुतळी ताणून तिच्यापासून जमिनीचे अंतर जागोजाग मोजावे. सुतळीची पातळी पाहण्यास गवंड्याची पाणसळ किंवा पाण्याने भरलेली पारदर्शक नळी चालते. येथे एक भेद लक्षात ठेवावा. आपणास आरशासारखी सपाट जमीन नको, एकसारखा उतार हवा. घरापासून दूर जाणारा, दर मीटरला १ ते २ सेंटिमीटर एवढा उतार पुरे होतो. तो डोळ्यांना जाणवत नाही, पण पाण्यास जाणवतो.

खळगा ३ सेंटिमीटरहून अधिक खोल असेल, तर त्यावरील गवत मुळांसह धारदार फावड्याने इंग्रजी एच अक्षराच्या आकारात कापावे आणि दोन पाने उघडावी तसे दोहों बाजूंस उलटावे. खालची माती कुदळीने किंचित मोकळी करावी, खळगा त्याच जातीच्या मातीने भरून पायाने हलकेच दाबावा आणि गवत पुन्हा पसरून पाणी द्यावे. माती पुढे थोडी बसते, म्हणून भरताना अर्धा-एक सेंटिमीटर उंच ठेवावी. उंचवट्याच्या बाबतीतही हेच करावे. फक्त माती घालण्याऐवजी काढावी. चर खणलेल्या जागी माती एकदम न भरता थराथराने भरावी. उंचवट्यावर यंत्राने गवत अगदी बुडाशी कापून ‘सपाट’ केल्याचा भास निर्माण करू नये. त्या जागी माती उघडी पडते आणि तण शिरते.

उथळ खळग्यांसाठी पृष्ठभागावर माती पसरावी. आपल्याकडील हिरवळ मुख्यतः हरळीची, म्हणजे दूर्वांची असते. तिची खोडे जमिनीवरून सरपटतात व जमिनीखालूनही जातात. पेरापेराशी तिला मुळे फुटतात. म्हणून एका वेळी १ सेंटिमीटर जाडीचा थर ती सहज भेदून वर येते. त्याहून जाड थर मात्र तिला गुदमरवू शकतो. गवत आधी कापावे, चाळलेली माती व चांगले कुजलेले शेणखत यांचे कोरडे मिश्रण पसरावे, आणि सरळ फळी ओढून किंवा खराटा उलटा फिरवून ते खळग्यांत बसवावे. पात्यांची टोके वर दिसत राहिली पाहिजेत. गवत पुन्हा जोमाने वाढल्यावर, साधारण महिना-दीड महिन्याने, दुसरा थर द्यावा. हे काम गवताच्या वाढीच्या दिवसांतच करावे : उत्तर भारतात थंडी ओसरल्यावर, आणि इतरत्र पहिल्या सरी पडून गेल्यावर किंवा सप्टेंबरात पावसाचा जोर कमी झाल्यावर. मुसळधार पावसात पसरलेली माती वाहून जाते.

हिशेब सोपा आहे. १०० चौरस मीटर जागेस १ सेंटिमीटर थर देण्यास बरोबर १ घनमीटर माती लागते; १५ लिटर मावणारी सुमारे ६७ घमेली. खळगे तेवढेच भरावयाचे असल्याने प्रत्यक्षात याहून पुष्कळच कमी लागेल. एका कुटुंबास दोन रविवारांत हे काम उरकता येईल.

मातीच्या निवडीत एक दक्षता आवश्यक आहे. वर पसरलेली माती खालच्या मातीसारखी असावी. भिन्न पोताचे थर एकावर एक आले म्हणजे पाण्याची वाट अडते. बारीक मातीचा थर जाड वाळूवर असेल तर तो जवळजवळ पूर्ण भिजेपर्यंत पाणी खाली सोडत नाही. चिकणमातीत मूठभर वाळू मिसळल्याने ती भुसभुशीत होते हा समजही खरा नाही. वाळूचे प्रमाण फार मोठे असल्याशिवाय फरक पडत नाही. तसेच कोठूनतरी आणलेल्या गाडीभर मातीबरोबर लव्हाळ्याच्या गाठी आणि गाजरगवताचे बी येते. एका उंचवट्याच्या मोबदल्यात दहा वर्षांचे तण विकत घेण्यासारखे ते आहे. आपल्याच आवारातील उंचवट्यांची माती खळग्यांत घालणे हा सर्वांत स्वस्त व निर्धोक मार्ग होय.

धीर आणि मर्यादा

रूळवाल्याचे काम एका दिवसात होते आणि दिसते. मातीचे काम एकदोन वर्षे चालते आणि प्रथम प्रथम हिरवळ मळलेली दिसते. संस्थांच्या कारभारात दिसणाऱ्या कामास मान मिळतो, हे आम्ही जाणतो. तथापि रुळाखालून निघालेली जमीन पुढील पावसाळ्यात पाणी धरते, त्यानंतरच्या उन्हाळ्यात टणक होते, गवत विरळ पडते आणि मग सबंध हिरवळ उकरून नवी लावण्याचा खर्च पुढे येतो. निम्म्याहून अधिक क्षेत्र बिघडले असेल, किंवा सगळा उतारच घराकडे असेल, तर नव्याने लागवड करणे रास्त आहे. परंतु तो निर्णय मोजमाप करून घ्यावा, कंटाळून घेऊ नये.

शेवटी पाण्याची मर्यादाही सांगितली पाहिजे. कडक उन्हाळ्यात १०० चौरस मीटर हिरवळीस दिवसाला ५ मिलिमीटर पाणी दिले तर ते ५०० लिटर होते. भुयारी गटारे असलेल्या शहरांत माणशी दररोज १३५ लिटर पाणी असावे, असे आपल्या देशातील प्रमाण मानले जाते. म्हणजे एवढी हिरवळ जवळजवळ चार माणसांचे पाणी पिते. ज्या गावात टँकरने पाणी येते, तेथे उन्हाळ्यात हरळी वाळू द्यावी. तिची भूमिगत खोडे जिवंत राहतात आणि पहिल्या पावसात ती पुन्हा हिरवी होते. जेथे चालण्या-खेळण्यास जागा लागत नाही, तेथे हिरवळीचा विस्तार कमी करून देशी झुडपे लावणे अधिक शहाणपणाचे ठरेल.

हिरवळ ही जिवंत मातीवरची जिवंत वनस्पती आहे. ती पादचाऱ्याच्या पायाला सुखाची, पावसाच्या पाण्याला वाट देणारी आणि उन्हाळ्यात थोडक्यात भागविणारी असावी, एवढीच आपली अपेक्षा आहे. यासाठी लागणारी साधने म्हणजे सुतळी, फावडे, चाळण, घमेले आणि धीर. यांपैकी पहिली चार कोणत्याही घरी किंवा शेजारी मिळतील. पाचवे साधन मात्र ज्याचे त्यानेच आणावयाचे आहे.